गार्सिनियाचा अर्क: उंदरात घटलेलं वजन माणसात का घटलं नाही

न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स-रूझवेल्ट रुग्णालयात १३५ जाड माणसांवर १२ आठवड्यांची एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष नोव्हेंबर १९९८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ६६ जणांना गार्सिनिया कंबोजिया या फळाच्या सालीचा अर्क दिला होता. त्यातून प्रत्येकाच्या पोटात रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल, म्हणजे एचसीए, जात होतं. उरलेल्या ६९ जणांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या होत्या. कोणाला काय मिळतंय हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही. सगळ्यांना सारखाच आहार होता: रोज १२०० किलोकॅलरी, तंतुमय पदार्थ भरपूर. बारा आठवड्यांनी अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने उतरलं होतं आणि नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांचं ४.१ किलोने. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, म्हणून अर्काने वजन वाढवलं असं म्हणता येणार नाही. उतरवलं असं तर मुळीच म्हणता येत नाही.

याच आम्लाने त्याआधी पंचवीस वर्षं प्रयोगशाळेतल्या उंदरांचं वजन उतरवून दाखवलं होतं, तेही एकदा-दोनदा नव्हे. प्रयोग खोटे नव्हते आणि करणारे नवशिकेही नव्हते. मग मधल्या वाटेत काय हरवलं, याचा हा शोध आहे. आहारजन्य लठ्ठपणावर दरवर्षी नव्या नव्या वनस्पतींचे अर्क पुढे येतात. मेथी, गुळवेल, शेवगा, जांभळाची बी, ग्रीन टी. त्या प्रत्येकाला जी वाट चालायची आहे ती गार्सिनियाने पूर्ण चालून दाखवली आहे. म्हणून हे एकच प्रकरण मुळापासून पाहणं आम्हाला दहा अर्कांच्या यादीपेक्षा मोलाचं वाटतं.

फळ आणि त्यातलं आम्ल

गार्सिनिया कंबोजिया, ज्याला वनस्पतिशास्त्रात आता गार्सिनिया गम्मी-गुट्टा म्हणतात, ती केरळची कुडमपुळी. तिथल्या माशाच्या आमटीत तिची सुकवलेली काळी साल पडते. आपल्या कोकणातलं आणि गोव्यातलं कोकम, म्हणजे गार्सिनिया इंडिका, हे तिचं सख्खं भावंड. रातांबा फोडायचा, गर-बिया वेगळ्या करायच्या, साल उन्हात टाकायची, गराचा रस मीठ घालून ठेवायचा, त्यात ती साल पुन्हा पुन्हा बुडवून पुन्हा पुन्हा सुकवायची, की आमसूल तयार. त्याची जिभेला झोंबणारी आंबट चव येते ती बहुतांशी याच एचसीएमुळे.

बराच काळ समज असा होता की या फळांत चिंचेसारखं टार्टारिक किंवा लिंबासारखं सायट्रिक आम्ल आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली ते हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असल्याचं दाखवलं. त्यांची रीत आजही अर्क करणाऱ्याने समजून घ्यावी अशी आहे. साल पाण्यात घालून दाबाखाली, १० पौंडांवर १५ मिनिटं शिजवायची, अर्क आटवायचा, त्यात अल्कोहोल घालून पेक्टिन साक्याच्या रूपात खाली बसवायचं, वरचं नितळ द्रावण गाळून अल्कलीने उदासीन करायचं. शेवटची पायरी वगळून चालत नाही. मोकळं एचसीए द्रावण आटवलं किंवा तापवलं की त्याचा रेणू स्वतःशीच वळून कडी घालतो आणि लॅक्टोन तयार होतो. ज्या कामासाठी अर्क घ्यायचा त्या कामात हा लॅक्टोन फारच मागे पडतो. कॅल्शियम, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियमचा क्षार केला की आम्ल टिकतं. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये हे क्षारच असतात.

मोजमापातली चूक इथूनच सुरू होते. साधं आम्ल-अल्कली टायट्रेशन करून 'एचसीए ६० टक्के' असा शिक्का मारता येतो, पण त्या आकड्यात सायट्रिक आणि मॅलिक आम्लंही धरलेली असतात. मोकळं एचसीए किती आणि लॅक्टोन किती हे एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक सुटे करून मोजणाऱ्या यंत्रावर, वेगळं दिसतं. म्हैसूरच्याच संस्थेत एचपीएलसीने केलेल्या मोजणीत कोकमाच्या सालीत १०.३ ते १२.७ टक्के आणि पानांत ४.१ ते ४.६ टक्के एचसीए आढळलं. ज्या शोधनिबंधात नुसतं 'गार्सिनिया अर्क अमुक मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं आणि आतलं एचसीए, लॅक्टोन आणि क्षार कोणता हे नसतं, तो निबंध दुसऱ्याला पडताळून पाहता येत नाही.

एन्झाइम, आणि त्या रॅटच्या ताटात काय होतं

एचसीए प्रसिद्धीला आलं ते १९६९ नंतर. अमेरिकेच्या ब्रँडाइस विद्यापीठात लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे आम्ल एटीपी-सायट्रेट लायेज नावाचं एन्झाइम अडवतं. या एन्झाइमचं काम सोपं करून सांगायचं तर असं: जेवणातल्या साखर-स्टार्चमधून आलेला कार्बन पेशीत सायट्रेटच्या रूपात मायटोकाँड्रियाबाहेर, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा करणाऱ्या कोठीबाहेर, येतो. हे एन्झाइम त्याचे दोन तुकडे करतं. त्यातला असिटिल-कोए हा तुकडा म्हणजे चरबी रचायची वीट. वीटच मिळाली नाही तर साखरेपासून नवी चरबी होणार नाही. रचनेने एचसीए सायट्रेटसारखंच असल्याने ते एन्झाइमच्या खोबणीत जाऊन बसतं आणि खरं सायट्रेट बाहेर ताटकळत राहतं.

पुढे हॉफमन-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात हे रॅटमध्ये, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरात, तपासलं. चरबीची निर्मिती घटली, खाणं घटलं, वजन घटलं. इथवरची गोष्ट सगळ्या जाहिरातींत येते. त्या रॅटना खायला काय दिलं होतं हे मात्र येत नाही, आणि आमच्या मते सगळं प्रकरण तिथेच आहे. त्या खाद्यात सुमारे ७० टक्के ग्लुकोज होतं आणि चरबी जवळजवळ नव्हतीच. शिवाय त्या रॅटना दिवसातून ठरावीक काही तासच खायची सवय लावलेली होती. असा प्राणी त्या तासांत साखर भसाभस खातो आणि उरलेल्या दिवसाची तजवीज म्हणून तिची चरबी करून ठेवतो. म्हणजे ज्या यंत्राला अडवायचं होतं ते यंत्र आधी पूर्ण वेगाने चालू करून ठेवलं होतं. एन्झाइम अडवतं का, हे पाहायला ही मांडणी अगदी योग्य. माणसाचा लठ्ठपणा उतरेल का, याचं उत्तर तिच्यात नाही.

माणूस जेवणातल्या साखर-स्टार्चची नवी चरबी फार थोडी करतो. भात, भाकरी, साखर यांतला ग्लुकोज आधी जाळला जातो, उरलेला ग्लायकोजेन म्हणून यकृत-स्नायूंत साठतो. त्याने वजन वाढतं ते मुख्यतः आडवाटेने: ग्लुकोज जळत असताना ताटातलं तेल-तूप जाळायची गरज उरत नाही, ते जसंच्या तसं साठ्यात जातं. तेलाच्या त्या वाटेवर एटीपी-सायट्रेट लायेज लागतच नाही. 'आपला आहार भात-पोळीचा, म्हणून आपल्याला हा अर्क लागू पडेल' असं सांगणारे ही आडवाट विसरतात. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथे माणसांना गरजेपेक्षा बरंच जास्त कर्बोदक खायला घालून पाहिलं, तेव्हा एचसीएने नव्या चरबीची निर्मिती काहीशी कमी केलीही. म्हणजे आम्ल निष्क्रिय नाही. ज्या नळावर ते बसतं त्या नळातून आपल्या रोजच्या खाण्यात पाणीच कमी वाहतं.

माऊसचा प्रयोग कसा करतात आणि कुठे फसतो

मराठीत उंदीर एकच असला तरी प्रयोगशाळेत ते दोन वेगळे प्राणी आहेत: अडीचशे-तीनशे ग्रॅमचा रॅट आणि पंचवीस-तीस ग्रॅमचा माऊस. आहारजन्य लठ्ठपणाचे आजचे बहुतेक प्रयोग माऊसवर होतात, आणि तेही सी५७बीएल/६जे या एकाच जातीच्या नरांवर, कारण ती जात चरबीच्या खाद्यावर भराभर फुगते. साधारण सहा आठवड्यांचं पिल्लू घेतात. एका गटाला ६० टक्के कॅलरी चरबीतून येणारं खाद्य (ग्रॅमला ५.२४ किलोकॅलरी), दुसऱ्याला १० टक्के चरबीचं (ग्रॅमला ३.८५). बारा आठवड्यांत पहिला गट चाळीस ग्रॅमच्या पुढे जातो, दुसरा तिशीच्या आसपास राहतो. मधल्या दहा-बारा ग्रॅमपैकी अर्काने किती वाचवले, हे मोजायचं. आपल्याकडे हे सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आणि सीसीएसईए या प्राणिप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीच्या नियमांनुसार मंजुरी लागते, आणि गटात किती प्राणी व का, हे तिथेच लिहून द्यावं लागतं. प्राण्याप्राण्यांतल्या वजनाचं प्रमाण विचलन साडेतीन ग्रॅम धरलं आणि चार ग्रॅमचा फरक पकडायचा असला, तर नेहमीच्या ८० टक्के ताकदीसाठी, म्हणजे खरा फरक दहापैकी आठ वेळा सापडावा यासाठी, गटाला साधारण १३ माऊस लागतात. सहा-सहा माऊसांवर काढलेले 'लक्षणीय' निष्कर्ष वाचताना हा आकडा जवळ ठेवावा. एका पिंजऱ्यात चार माऊस ठेवले आणि खाद्य पिंजऱ्याचं मोजलं, तर खाद्याच्या हिशोबात तो एक नमुना झाला, चार नव्हेत.

पहिली चूक तुलनेच्या खाद्यात होते. खर्च वाचवायला १० टक्के चरबीच्या शुद्ध खाद्याऐवजी प्राणिगृहातलं रोजचं धान्याचं खाद्य देतात. त्यात तंतू वेगळे, साखर वेगळी, सोयाबीनमधली संप्रेरकांसारखी द्रव्यंही असतात. मग दोन गटांतला फरक चरबीमुळे की या सगळ्यामुळे, हे कधीच कळत नाही. शुद्ध खाद्यातही साखरेचं प्रमाण जुळवावं लागतं. १० टक्के चरबीच्या एका प्रचलित खाद्यात ३५ टक्के कॅलरी साखरेतून येतात, तर ६० टक्केवाल्यात जेमतेम सात. एचसीएसारखा साखर-चरबीच्या वाटेवर बसणारा पदार्थ तपासताना हा फरक तर अजिबात परवडत नाही.

दुसरी आणि आमच्या मते सगळ्यांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे चव. एचसीए आंबट आहे, त्याचे क्षार तुरट-खारट आहेत. खाद्य आवडलं नाही की माऊस कमी खातो, आणि कमी खाल्लं की वजन उतरतं. मग निबंधात 'अर्काने चरबी घटवली' असं येतं. यावर उपाय एकच, जोडीने खाऊ घातलेला गट. अर्कवाल्या माऊसने काल जितकं खाल्लं तितकंच, अर्क न घातलेलं खाद्य आज या तिसऱ्या गटाला द्यायचं. दोन्ही गटांचं वजन सारखंच उतरलं, तर अर्काचं काम फक्त भूक मारण्याचं किंवा तोंड वाकडं करण्याचं होतं. हा गट ठेवायला रोज सकाळी तराजू घेऊन बसावं लागतं, म्हणून तो बहुतेक वेळा गाळला जातो.

खाणं मोजण्यातही तळाशी एक खड्डा आहे. ६० टक्के चरबीचं खाद्य मऊ असतं, लाडवासारखं फुटतं. पिंजरा बदलताना तळाचा भुसा चाळला, की त्यात निळसर-पिवळट चुरा सापडतो. कधी चिवडून केलेला चिकट गोळाच. माऊस दिवसाला साधारण २.७ ग्रॅम खातो. त्यातला ०.३ ग्रॅम चुरा मोजायचा राहिला तर दीड किलोकॅलरी, म्हणजे दिवसाच्या खाण्याच्या अकरा टक्के, हवेत गेली. नावडतं खाद्य माऊस जास्त उकरतो, म्हणून ही चूक दोन्ही गटांत सारखी होत नाही. मग निबंधात 'खाणं तेवढंच, तरी वजन कमी' हे जादूचं वाक्य उमटतं. चुरा चाळणीने वेगळा करून वजन करावा, किंवा जाळीच्या तळाचा पिंजरा निदान मोजणीच्या दिवसांपुरता वापरावा.

अर्क खाद्यात मिसळतानाही घाई नडते. गोळ्या पाडायच्या गरम यंत्रात घातलं तर मोकळ्या आम्लाचा काही भाग लॅक्टोन होऊन जातो. अर्क थंड खाद्यात मळावा, हवाबंद डब्यात उणे २० अंशांवर ठेवावा आणि पिंजऱ्यातलं खाद्य दर तीन-चार दिवसांनी टाकून नवं द्यावं, कारण एवढ्या चरबीला खवट वास लवकर येतो. क्षार कॅल्शियमचा असेल तर तुलनेच्या गटालाही तितकंच कॅल्शियम द्यायला हवं. कॅल्शियम आतड्यात चरबीला धरून शौचावाटे बाहेर काढतं. तो हिशोब न ठेवता एचसीएला दिलेलं श्रेय अर्धं कॅल्शियमचं असू शकतं.

अर्क कधी सुरू केला, हेही पाहावं. चरबीचं खाद्य आणि अर्क एकाच दिवशी सुरू केले तर तो प्रतिबंधाचा प्रयोग. आधी दहा आठवडे फुगवून मग अर्क दिला तर तो उपचाराचा. दवाखान्यात येणारा माणूस आधीच लठ्ठ असतो. त्याच्या कामाचा दुसरा प्रयोग, आणि होतात बहुधा पहिल्या जातीचे. शिवाय २२ अंशांच्या खोलीत माऊसला ऊब राखायलाच पुष्कळ ऊर्जा जाळावी लागते. कपडे घालून पंख्याखाली बसणाऱ्या माणसाशी त्याची बरोबरी होत नाही. तीस अंशांच्या आसपास ठेवलेल्या माऊसचे आकडे वेगळे येतात.

हे सगळं सांभाळूनही एक प्रश्न राहतो, की वजनाखेरीज काय पाहिलं? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कोरियन अभ्यासात सी५७बीएल/६जे माऊसना ४५ टक्के चरबीच्या खाद्यात १ टक्का गार्सिनिया मिसळून १६ आठवडे दिलं. पोटातली चरबी कमी झाली. निबंध इथेच थांबला असता तर कॅप्सूलच्या पाकिटावर छापायला उत्तम होता. त्यांनी मात्र यकृताचे छेद, म्हणजे पातळ काप, हेही रंगवून पाहिले. यकृतात कोलॅजेन, म्हणजे व्रणात भरतं ते तंतुमय प्रथिन, जास्त साठलं होतं, दाह जास्त होता. चरबीचा साठा उतरला आणि यकृत बिघडलं, दोन्ही एकाच प्राण्यात. वनस्पतीच्या अर्काच्या प्रत्येक प्रयोगात शेवटच्या दिवशी यकृताचं वजन, रक्तातलं एएलटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) आणि कोलॅजेनसाठी रंगवलेला छेद असायलाच हवा, असं आम्ही आग्रहाने म्हणतो ते यामुळे.

डोस माणसाच्या मापात

माऊसचा मिलिग्रॅम-प्रतिकिलो डोस माणसाला लावताना १२.३ ने भागायचा, रॅटचा ६.२ ने. हे भागाकार शरीराच्या पृष्ठभागावरून आलेले आहेत आणि ढोबळ अंदाजाला पुरेसे आहेत. वरच्या अभ्यासाला ते लावून पाहू. ३० ग्रॅमचा माऊस २.७ ग्रॅम खाद्य खातो, त्यात १ टक्का म्हणजे २७ मिलिग्रॅम अर्क. किलोला ९०० मिलिग्रॅम. १२.३ ने भागले की ७३. साठ किलोच्या माणसाला रोज ४.४ ग्रॅम अर्क. ५०० मिलिग्रॅमच्या नऊ कॅप्सूल, दररोज, महिनोन् महिने. अर्कात ६० टक्के एचसीए धरलं तर २.६ ग्रॅम एचसीए, न्यूयॉर्कच्या चाचणीच्या पावणेदोन पट.

मग डोस वाढवावा का? जपानमधल्या संशोधकांनी २००५ साली झुकर जातीच्या लठ्ठ रॅटवर हे करून पाहिलं. पोटाखालची चरबी खरी हटली ती किलोला १२४४ मिलिग्रॅम एचसीए दिल्यावर. त्या डोसला, आणि त्याखालच्या ७७८ मिलिग्रॅमलाही, नरांची वृषणं आक्रसली. ३८९ मिलिग्रॅमला ती इजा दिसली नाही. ६.२ ने भागून साठ किलोच्या माणसाला लावलं तर सुरक्षित दिसलेली पातळी रोज पावणेचार ग्रॅम, इजा करणारी साडेसात आणि चरबी हटवणारी बारा ग्रॅम. म्हणजे गुण यायच्या आधी अपाय येतो. ज्या औषधात ही दोन पावलं या क्रमाने पडतात त्याचा डोस वाढवून भागत नाही.

माणसावरच्या चाचणीवरचे आक्षेप

१९९८ च्या निकालावर आक्षेप आले आणि ते ऐकण्यासारखे आहेत. तंतुमय आहाराने एचसीए आतड्यातच धरून ठेवलं असेल. १२०० कॅलरींवर असलेल्या माणसात नवी चरबी तशीही होत नाही, मग अडवायचं काय? डोस कमी होता. यातला दुसरा आक्षेप आम्हाला पूर्ण मान्य आहे, पण तो अर्काच्या बाजूने बोलत नाही. कमी खाणाऱ्यात त्याला काम नाही आणि तेल-तूप खाणाऱ्यातही काम नाही. उरतो तो सतत साखरेचा मारा करणारा माणूस, आणि त्याने साखर कमी करावी हा उपाय जास्त सरळ आहे. चाचणीतली खरी उणीव वेगळी होती: १३५ पैकी ८४ जणच शेवटपर्यंत टिकले. आहाराच्या चाचण्यांत ही गळती नेहमीची आहे, तरी ती निकाल पातळ करते.

शोषणाचा मुद्दा मोजून पाहिलेला आहे. उपाशीपोटी २ ग्रॅम एचसीए घेतल्यावर दोन तासांनी रक्तात मिलिलिटरला साधारण ८.४ मायक्रोग्रॅम एचसीए आढळलं, म्हणजे सुमारे ४० मायक्रोमोलर. परीक्षानळीतल्या सुट्या एन्झाइमला अडवायला हे भरपूर आहे. जिवंत पेशीत मात्र एचसीए सहजी शिरत नाही. तीन ऋणभार घेऊन ते पेशीच्या पडद्यापाशी अडतं, म्हणून पेशींवरच्या प्रयोगांत मिलिमोलरच्या (एक मिलिमोलर म्हणजे हजार मायक्रोमोलर) घरात मात्रा लागते. रक्तातल्या पातळीच्या पंचवीसपट किंवा जास्त. आतड्यातून थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात पातळी याहून जास्त असणार हे खरं, तरी दरी मोठी आहे. 'परीक्षानळीत एन्झाइम ९० टक्के अडवलं' असं कुठल्याही अर्काबद्दल वाचलं, की आधी विचारावं: किती मात्रेला, आणि तेवढी मात्रा रक्तात कधी पोचते?

२०११ साली एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांवरच्या नऊ चाचण्यांचे आकडे एकत्र केले. रोज १ ते २.८ ग्रॅम एचसीए, कालावधी २ ते १२ आठवडे. एकूण फरक ०.८८ किलोचा निघाला, आणि त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, १.७५ किलोपासून थेट शून्याला टेकत होती. लिटरभर पाण्याची बाटली पिऊन काट्यावर उभं राहिलं तरी वजन याहून जास्त हलतं.

यकृताचा धोका

वजन उतरत नाही एवढंच असतं तर नुकसान पैशापुरतं राहिलं असतं. १ मे २००९ रोजी अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने हायड्रॉक्सीकट या वजन उतरवण्याच्या उत्पादनांचा वापर थांबवायला सांगितलं. यकृताच्या इजेसह गंभीर त्रासाच्या २३ तक्रारी होत्या, त्यात एक मृत्यू. त्या उत्पादनांत अनेक घटक होते, म्हणून दोष एकट्या गार्सिनियाचा असं तेव्हा ठरवता आलं नाही. पुढे अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकाराच्या नोंदजाळ्याने २००४ ते २०१८ मधल्या रुग्णांतून गार्सिनियाशी जोडलेले २२ रुग्ण वेगळे काढले. पाच जणांनी फक्त गार्सिनिया घेतलं होतं, सोळा जणांनी ग्रीन टीच्या अर्कासोबत. त्रास सुरू व्हायला १३ ते २२३ दिवस लागले, मधला आकडा ५१. निम्म्याहून अधिक रुग्णांत एचएलए-बी*३५:०१ हे जनुकरूप होतं, जे इतरांत बरंच कमी आढळतं. याचा अर्थ ही इजा डोसच्या प्रमाणात सगळ्यांना होत नाही. ज्याच्या प्रतिकारशक्तीची घडण तशी आहे त्याला तिचा धोका जास्त दिसतो, आणि त्याला ते आधी ठाऊक नसतं.

डॉक्टरांसमोर कावीळ घेऊन आलेल्या, विशेषतः तरुण बाईला 'कुठलं औषध घेता?' असं विचारलं तर 'कुठलंच नाही' असं उत्तर येतं, कारण आयुर्वेदिक कॅप्सूल किंवा जिममधली पावडर ती औषधात धरत नाही. 'वजन कमी करायला गेल्या सहा महिन्यांत काही घेतलं का, पाकीट आणता का?' असं विचारावं लागतं. एएलटी वरच्या मर्यादेच्या तिपटीवर आणि बिलीरुबिन (कावीळीत वाढणारं पिवळं द्रव्य) दुपटीवर असेल तर अर्क त्याच दिवशी बंद, आणि पुन्हा कधीही सुरू नाही. एसएसआरआय गटातली नैराश्याची औषधं घेणाऱ्यांनीही गार्सिनिया टाळावं. एकत्र घेतल्यावर सेरोटोनिन विषबाधा झाल्याची नोंद आहे. आणि 'हर्बल' कॅप्सूलने भूक एकदम मेली, तोंड कोरडं पडलं, छाती धडधडू लागली, तर ती वनस्पती नसून सिब्युट्रामाइन या भूक मारणाऱ्या औषधाची भेसळ असण्याची शंका घ्यावी. हृदयाच्या धोक्यामुळे ते औषध २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत आणि २०११ मध्ये भारतात बंद झालं, तरी अशा कॅप्सूलमध्ये ते सापडत राहिलं आहे.

तेच एन्झाइम, वेगळं औषध

एन्झाइमची निवड मात्र चुकीची नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेत बेम्पेडोइक आम्ल या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली. तेही एटीपी-सायट्रेट लायेजच अडवतं, पण मुद्दाम घडवलेल्या वाटेने: गोळीतला रेणू निष्क्रिय असतो आणि यकृतात असलेल्या एका एन्झाइमने तो चालू होतो, स्नायूत होत नाही. रोज १८० मिलिग्रॅम पुरतात. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची औषधं, सहन न होणाऱ्या सुमारे चौदा हजार जणांच्या चाचणीत, २०२३ साली, त्याने हृदयविकाराच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी केल्या. त्याच असिटिल-कोएच्या विटेपासून कोलेस्टेरॉलही बनतं, म्हणून कोलेस्टेरॉल उतरलं. वजन उतरवण्यासाठी ते औषध कोणी देत नाही.

आणि आमसूल?

हे वाचून कोणी सोलकढी बंद करू नये. म्हैसूरच्या मोजणीप्रमाणे १५०० मिलिग्रॅम एचसीएसाठी १२ ते १५ ग्रॅम कोकमाची साल पूर्ण खावी लागेल. आमटीत चार-पाच सोलं पडतात, ती चार माणसांत वाटली जातात आणि चोथा ताटाच्या कडेला निघतो. यकृताच्या ज्या नोंदी आहेत त्या महिनोन् महिने घेतलेल्या एकवटलेल्या अर्काच्या आहेत, कढीच्या नाहीत. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा, पिवळं गार्सिनॉल त्याच सालीतलं. त्यांच्यावरही प्रयोग चालू आहेत आणि त्यांनाही वरचीच सगळी कसोटी लागेल.

वजनाच्या दृष्टीने जपायचं ते कोकम सरबताला. घरगुती सिरपला एक किलो सालीला दोन किलो साखर लागते. ६५ ब्रिक्सच्या (वजनाने सुमारे ६५ टक्के साखर असलेल्या) अशा सिरपचे ३० मिलिलिटर पेल्यात घातले की सुमारे २५ ग्रॅम साखर, म्हणजे १०० किलोकॅलरी. 'कोकमाने चरबी जळते' म्हणून दुपारी-संध्याकाळी दोन पेले घेणाऱ्याच्या खात्यात रोज २०० किलोकॅलरी जमा होतात. त्याने बिनसाखरेचं आगळ, म्हणजे मीठ घालून ठेवलेला कोकमाचा रस, घ्यावं: पेलाभर पाण्यात एक-दोन चमचे, चिमूटभर जिरेपूड. आगळात मीठ भरपूर असतं, म्हणून वरून मीठ घालू नये, आणि रक्तदाब असेल त्याने मिठाच्या आगळाऐवजी आमसुलं रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी कोळून घ्यावीत.